शांत वर्षांचा पैसा



साथ आली की दवाखान्यात बसून न राहता घरोघर फिरणाऱ्या एका डॉक्टरांच्या नावानं तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता. त्यांच्या स्मृतीला शोभेल असं काय बोलावं याचा विचार केला, तेव्हा औषधांबद्दल बोलावंसं वाटलं नाही. मी पैशाबद्दल बोलणार आहे. साथीच्या रोगांवर जे संशोधन होतं त्याला पैसा कोण देतं, कधी देतं आणि कधी हात आखडता घेतं, हा आजचा विषय. तो दिल्लीचा, जिनिव्हाचा, मोठ्या खुर्च्यांचा वाटतो. पण त्याची किंमत शेवटी आपल्यासारख्या गावांतून वसूल होते, म्हणून तो इथंच मांडायला हवा.

तुमच्या अजिंठा गावात पारोची कबर आहे. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला 1844 साली रॉबर्ट गिलची नेमणूक झाली, तो इथल्या बारादरीत राहिला, आणि 23 मे 1856 रोजी पारो गेली. पटकीनं गेली असं इथं सांगतात. त्या दोघांची कहाणी कवींनी सांगितली, सिनेमावाल्यांनी सांगितली. मी तिच्यात शिरत नाही. मला फक्त त्या सालाकडे बघायचं आहे. 1856. त्याआधी दोनच वर्षं, 1854 मध्ये, लंडनच्या एका वस्तीत जॉन स्नो या डॉक्टरनं पटकी पिण्याच्या पाण्यातून पसरते हे दाखवून दिलं होतं. त्याच वर्षी इटलीत पाचिनीनं तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाही होता. आणि 1851 मध्ये पॅरिसला बारा राष्ट्रांची पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती, मुख्यतः पटकीच्या धास्तीनं. म्हणजे त्या काळी रोग माहीत होता, जंतू दिसला होता, राष्ट्रंही एकत्र बसली होती. मग त्या बैठकीत अजिंठ्यासाठी काय होतं?

काहीही नव्हतं. पटकी युरोपच्या बंदरांत उतरू नये आणि तरीही व्यापारी जहाजांचा खोळंबा होऊ नये, याचा मार्ग शोधायला ती राष्ट्रं जमली होती. पुढं 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली आणि पटकीचं मूळ घर हिंदुस्थान, असं ठरलं. बरं, घर सापडलं. मग त्या घरातल्या माणसांना चांगलं पाणी मिळावं म्हणून कुणी पैसे काढले का? चर्चा रंगली ती हजच्या यात्रेकरूंना कुठं अडवायचं आणि किती दिवस डांबायचं यावर. जगाच्या आरोग्यधोरणाचा पाया असा घातला गेला. ज्याला भीती वाटते तो पैसा देणार, आणि भीती असेपर्यंतच देणार. रोग ज्याच्या घरात मुक्कामाला आहे त्याला विचारायचं नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या पायात किती बदल झाला, एवढंच तपासायला मी उभा आहे.

आता मुंबईला जाऊ. 1896 च्या पावसाळ्याअखेर मांडवी बंदराच्या बाजूला गाठीचा प्लेग सुरू झाला. सरकारची पाचावर धारण बसली, कारण मुंबईचा प्लेग म्हणजे कापसाचा, अफूचा, सगळ्या निर्यातीचा प्लेग. वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ तेव्हा बंगालमध्ये पटकीची लस टोचत हिंडत होता. त्याला तातडीनं मुंबईला आणलं. आणि काय दिलं? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, त्यातल्या कुणालाही प्रयोगशाळेचं शिक्षण नाही.

त्या खोलीत काय चाललं होतं ते जरा जवळून बघा. प्लेगचे जिवाणू वाढवायला पोषक रस लागतो. हाफकिननं तो बकऱ्याच्या मटणापासून बनवला, कारण गायीचं किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर लस कुणी टोचून घेतली नसती. मोठ्या काचेच्या चंबूत तो रस भरायचा आणि वर थोडं तूप सोडायचं. तूप तरंगतं, आणि त्या तुपाला धरून जिवाणू खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छताला चुन्याचे लोलक लोंबावेत तसे. काही दिवसांनी चंबू हलवला की ते लोलक तुटून तळाशी बसतात आणि वर नवे धरतात. असं पुन्हा पुन्हा करायचं, मग सगळं तापवून जिवाणू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. झाली लस. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननं ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढं आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली, आणि टोचलेल्यांमध्ये प्लेग स्पष्टपणे कमी दिसला.

अवघ्या तीन महिन्यांचं हे काम. मुंबईत आगाखानांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या जमातीतल्या हजारो लोकांना टोचवली, हाफकिनला जागा दिली. सरकारनंही थैली सैल केली. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. तो वाडा रिकामा का पडला होता माहीत आहे? 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच वाड्यात पटकीनं वारल्या, आणि पुढं गव्हर्नरांनी तिथं राहणं सोडलं. पटकीनं मोकळा केलेला वाडा प्लेगच्या कामी आला. आजची हाफकिन संस्था ती हीच.

मात्र त्याच 1897 च्या 10 मार्चला, हाफकिननं सुई टोचून घेतल्याला बरोबर दोन महिने झाले होते तेव्हा, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आल्या होत्या. लस नवी होती, तिची परीक्षा अजून चालू होती, तेव्हा त्या दोन महिन्यांत ती पुण्याला पोचायला हवी होती असं मी म्हणणार नाही; ते न्यायाचं होणार नाही. पुण्याला त्या दोन महिन्यांत काय पोचलं, एवढं सांगतो. 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा पोचला. त्या मागोमाग प्लेगचे अधिकारी रँड साहेब पोचले, आणि त्या दोन महिन्यांच्या पाठोपाठ घरांत शिरणारे सोजीरही आले. कायदा करायला पैसा लागत नाही, संशोधनाला लागतो. म्हणून कायदा नेहमी आधी येतो. 2020 मध्ये आपल्यावर टाळेबंदी आली तेव्हाही मुंबई-पुण्यात पहिला हात याच 1897 च्या कायद्याला घातला गेला.

जाता जाता आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्याच मुलखाची आहे. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि सिकंदराबादची छावणीही. तिथं रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर हिवतापाच्या मागं लागला होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो चावणाऱ्या प्रत्येक डासामागं एक आणा देत असे, स्वतःच्या खिशातून. 20 ऑगस्ट 1897 ला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. वैद्यकाच्या इतिहासात असे दिवस फार थोडे. आणि सरकारनं काय केलं? महिन्याभरात त्याची बदली केली, राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथं त्याच्या कामाला हिवतापाचे रुग्णच मिळेनात. 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण प्लेगइतकी हिवतापाची भीती साहेबाला नव्हती. हिवताप रोजचा होता, गरिबांचा होता, त्यानं जहाजं थांबत नव्हती.

मंडळी, आता मी जो प्रश्न विचारणार आहे त्यावर थोडं थांबू या. साथ नसते तेव्हा संशोधन कशाच्या बळावर चालतं?

याचं एक चांगलं उदाहरण पुण्यात आहे. 1952 मध्ये तिथं व्हायरस रिसर्च सेंटर निघालं. 1978 पासून आपण त्याला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतो. सुरुवातीला पैसा अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा आणि आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा. रॉकफेलरला जगभरातल्या कीटकजन्य विषाणूंचा शोध घ्यायचा होता, तो त्यांचा कार्यक्रम होता, आपला नव्हे. तरी त्या पैशानं काय झालं? कुठलीही मोठी साथ डोक्यावर नसताना माणसं जंगलात गेली, डास पकडले, गोचिडं गोळा केली, माकडांचं रक्त तपासलं. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू हुडकणारी माणसं याच संस्थेची होती. आज तो माकडताप आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीपर्यंत आला आहे. त्याला ओळखणारी संस्था 1957 मध्ये नसती तर आपण अंधारात असतो.

आणि याच संस्थेची एक दुसरी गोष्ट आहे. आजच्या व्याख्यानातली माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली. ती सविस्तर सांगतो.

1965 मध्ये नागपुरात तापाची साथ होती. डेंग्यू आणि चिकुनगुनिया शोधायला पुण्याचे शास्त्रज्ञ गेले, आणि दोन रुग्णांच्या रक्तात त्यांना भलताच विषाणू सापडला. जगाला माहीत नसलेला. नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून त्याचं नाव चांदीपुरा विषाणू. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत सापडलेला, महाराष्ट्राचं नाव घेऊन जगभरच्या पुस्तकांत गेलेला विषाणू. शोधनिबंध छापून आला. विषाणू शीतपेटीत जपून ठेवला. त्यानं कुणी मेल्याचं दिसत नव्हतं, तेव्हा त्यावर फार खर्च करायला कोण तयार होणार? 1980 च्या सुमारास मेंदूज्वराच्या रुग्णातही तो आढळला. ती सूचना होती. तिच्यामागं कुणी धावलं नाही.

मग 2003 चा पावसाळा आला. आंध्र प्रदेशात मुलं तापानं फणफणायची, झटके यायचे, बेशुद्ध व्हायची आणि चोवीस, अठ्ठेचाळीस तासांत जायची. 329 मुलं आजारी पडली आणि त्यातली 183 गेली. आपल्याकडे विदर्भातही मुलं दगावली. नमुने पुण्याला आले आणि विषाणू ओळखू आला: चांदीपुरा. आपला, 1965 चा. अडतीस वर्षं तो आपल्याच शीतपेटीत होता! अडतीस वर्षांत त्याच्यासाठी ना औषध तयार होतं, ना लस, ना तालुक्याच्या ठिकाणी करता येईल अशी तपासणी.

त्यानंतर काही वर्षं पैसा आला. पुण्यात लशीचे प्रयोग झाले, उंदरांपर्यंत पोचले. माणसांपर्यंत आलेच नाहीत. साथ ओसरली तसा उत्साहही ओसरला. आणि 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या 64 जणांत चांदीपुरा सिद्ध झाला. वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ. औषध? नाही. लस? नाही. डॉक्टर आजही ताप उतरवतात, झटके थांबवतात आणि पुढचं त्या मुलाच्या नशिबावर सोडतात.

हा विषाणू पसरवते सँडफ्लाय नावाची माशी. डासाहून कितीतरी लहान, मच्छरदाणीच्या जाळीतून आत येईल एवढी. ती कुठं राहते? मातीच्या भिंतीच्या भेगांत. गोठ्यात. शेणाच्या ढिगाच्या ओलाव्यात. पावसाच्या सुरुवातीला वाढते. सिमेंटचं घर, लिंपलेल्या भेगा आणि कोरडा गोठा असेल त्याच्या वाट्याला ती फारशी येत नाही. तेव्हा चांदीपुऱ्यावर संशोधन का थंडावलं याचं उत्तर मला प्रयोगशाळेत सापडलं नाही, ते त्या भेगांत सापडलं. ज्या घरात तो शिरतो त्या घरातून लशीचा नफा निघणार नाही, आणि त्या घरातलं कुणी विमानानं लंडनला जाऊन तिथं भीती पसरवणार नाही.

आता याच्या शेजारी एक परदेशी गोष्ट ठेवतो. कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेत इबोलावर लस तयार झाली. ती माकडांना वाचवते, हे 2005 मध्ये छापून आलं. ती लस ज्या विषाणूला वाहन बनवून केली होती, तो आपल्या चांदीपुऱ्याचा भाऊबंद, एकाच कुळातला. पुढं काय झालं? साधारण दहा वर्षं ती लस पडून राहिली. इबोला आफ्रिकेच्या खेड्यांत होता, गिऱ्हाईक नव्हतं. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत हाहाकार उडाला, दोनचार रुग्ण अमेरिकेत आणि युरोपात पोचले, आणि मग 2015 मध्ये गिनीत तिची परीक्षा झाली. लस उत्तम ठरली. पण तोवर अकरा हजारांहून अधिक माणसं गेली होती. दहा वर्षांच्या मौनाचा हिशेब कुणी मागितला?

चिकुनगुनियाचंही तेच. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली. मग तो जणू गायब झाला. तीस वर्षं विसरला गेला. अमेरिकी लष्करानं एक लस माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेली आणि तिथंच सोडून दिली. 2005-06 मध्ये तो परत आला तेव्हा आपल्या मराठवाड्यातली गावंच्या गावं खाटेला खिळली. एकट्या 2006 मध्ये देशात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. सभागृहात तेव्हाचे सांधे अजून ठणकणारी माणसं बसलेली असणार. त्यावरच्या पहिल्या लशीला परवानगी मिळाली ती 2023 मध्ये, अमेरिकेत. बार्शीपासून मोजा, पन्नास वर्षं.

बीडकडच्यांना 1994 आठवत असेल. ऑगस्टमध्ये मामला गावात पिसवा वाढल्या, उंदीर पडू लागले, लोकांच्या काखेत-जांघेत गाठी आल्या. देशात 1966 नंतर माणसांत प्लेग सिद्ध झालाच नव्हता, त्यामुळे प्लेगवर नजर ठेवण्याचं काम विरळ होत गेलं होतं. ती गाठ ओळखणारे हात निवृत्त झाले होते. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं गाड्या भरून पळाली. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. आखाती देशांनी विमानं बंद केली, माल घेणं थांबवलं. आणि कित्येक आठवडे शास्त्रज्ञांतच वाद, की हा प्लेग आहे की नाही! डॉ. रामलिंगस्वामींची समिती नेमावी लागली. अधिकृत आकडा 56 मृत्यूंचा. जीव गेले त्याची भरपाई नाहीच, पण देशाच्या व्यापाराचं जे नुकसान त्या दोन महिन्यांत झालं, त्यातला किरकोळ भागही आधीच्या तीस वर्षांत उंदीर-पिसवा तपासणाऱ्या माणसांच्या पगारावर लावला असता तर?

हाफकिन संस्थेचं पुढं काय झालं तेही सांगतो. तिचा लस बनवणारा विभाग 1975 मध्ये वेगळा करून सरकारी महामंडळ केलं. पल्स पोलिओचे थेंब अनेक वर्षं तिथून गेले. पण नव्या लशीसाठी लागणाऱ्या सोयी तिथं वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत. 2021 च्या एप्रिलमध्ये, ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत असताना, तिला कोव्हॅक्सिन बनवायला सांगण्यात आलं. केंद्रानं 65 कोटी, राज्यानं 94 कोटी जाहीर केले, वर्षाला 22.8 कोटी डोस निघतील असं ठरलं. साथीचा भर ओसरेपर्यंत परळच्या त्या आवारातून ती लस लोकांपर्यंत आली नाही. तिथल्या माणसांचा दोष नाही. शांत वर्षांत उभं न केलेलं घाईच्या वर्षात उभं राहत नाही, मग कितीही कोटी ओता.

आणि शांत वर्षांत उभं केलेलं कसं कामी येतं? पुण्याच्या विषाणू संस्थेत अतिधोकादायक विषाणूंसाठीची, सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा 2012 मध्ये सुरू झाली. तेव्हा वर्तमानपत्रांत फारसं काही आलं नाही. जानेवारी 2020 मध्ये देशातला पहिला करोना रुग्ण ओळखला तो पुण्यानं. मार्चमध्ये विषाणू वेगळा करून वाढवला तोही पुण्यानं, आणि त्याच विषाणूपासून कोव्हॅक्सिन झाली. सुरुवातीला आपल्या घाटी रुग्णालयातले नमुनेसुद्धा पुण्याला जात होते, अहवालाची वाट बघत माणसं वॉर्डात पडून असत. मग घाटीतच तपासणी सुरू झाली. ती यंत्रं, ती शिकलेली मुलंमुली आज त्या कामावर आहेत का, हे आपण विचारायला हवं. मी त्याकडे शेवटी येतो.

जगाकडे थोडं वळू, कारण आता या पैशाचे पाट जगातून वाहतात. 2022 पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या खर्चातला पाचवा हिस्सासुद्धा सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीतून येत नव्हता. उरलेला पैसा देणगीचा, आणि बहुतेक देणगी अमुक रोगासाठीच वापरा असं सांगून दिलेली. देणारा ठरवणार कुठला रोग महत्त्वाचा. 2022 मध्ये देशांनी ठरवलं की 2030-31 पर्यंत वर्गणीचा हिस्सा निम्म्यापर्यंत न्यायचा. चांगला निर्णय. पण जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला, सगळ्यात मोठा देणारा एका सहीनं उठून गेला. एका माणसाच्या सहीवर जगाची रोगराईवरची नजर अवलंबून असावी का?

2017 मध्ये दावोसला सेपी नावाची आघाडी निघाली, येऊ घातलेल्या साथींच्या लशी आधीच करून ठेवण्यासाठी. नॉर्वेसोबत भारत सरकार तिच्या संस्थापकांत आहे, हे आपल्याला अभिमानानं सांगता येतं. चिकुनगुनियाच्या त्या लशीला तिनं पैसा दिला. पण तिच्या पहिल्या यादीत लासा, मर्स आणि निपाह होते, चांदीपुरा नव्हता. संस्थापकांत असूनही आपण आपल्या मुलांचा रोग यादीत घालू शकलो नाही.

नमुन्यांचाही एक प्रश्न आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. त्याच काळात इंडोनेशियात बर्ड फ्लूनं माणसं मरत होती. 2006-07 च्या सुमारास इंडोनेशियाला कळलं, की आपण संघटनेला दिलेल्या विषाणूपासून एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं लस बनवली आहे आणि ती आपल्याला परवडणार नाही. आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने देणंच बंद केलं. जगानं त्यांना नावं ठेवली. पण त्या अडून बसल्या म्हणूनच 2011 मध्ये करार झाला: फ्लूचे नमुने वापरणाऱ्या कंपन्यांनी लशींचा वाटा द्यायचा आणि त्या प्रयोगशाळांच्या जाळ्याचा निम्मा खर्चही उचलायचा. दरवर्षी, साथ असो वा नसो. बघा, हे शांत वर्षाचे पैसे आहेत! ते मागितल्यावर मिळाले. 2025 च्या मे महिन्यात सर्वच साथींसाठीचा जागतिक करार मान्य झाला, पण नेमकं हेच कलम परिशिष्टावर ढकललं गेलं, आणि करारावर माना डोलावल्या तेव्हा ते परिशिष्ट लिहिलेलं नव्हतं.

निराश होऊ नका. उलटं घडल्याचं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या खालच्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाच्या तापानं दर काही वर्षांनी हजारो मुलं जायची. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, डोसाची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी, नाहीतर आम्हाला लस नको. आधी किंमत ठरली, मग संशोधन. 2001 मध्ये गेट्स फाउंडेशननं सात कोटी डॉलर दिले, मोठ्या परदेशी कंपन्यांनी त्या किमतीला नकार दिला, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं होकार दिला. दहा वर्षं काम चाललं. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत टोचणी सुरू झाली, आणि त्या प्रकारचा ताप त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. रोग सोसणाऱ्यांनी अट घातली होती, पैसा दहा वर्षं हलला नव्हता, आणि काम पुण्यात झालं. चांदीपुऱ्यासाठी असं का होऊ नये? आपला देश संशोधनावर, सगळ्या विषयांच्या मिळून, राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण 0.64 टक्के खर्च करतो. 2017 च्या आरोग्य धोरणात 2025 पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर अडीच टक्के खर्च करण्याचं वचन होतं, तेही पुरं झालं नाही. ही वचनं कुणी विचारत नाही म्हणून विरतात.

तर विचारायचं कुणी? तुम्ही. मी अजिंठ्यात हे बोलायला आलो ते त्यासाठी. संशोधनाच्या अंदाजपत्रकावर खेड्यातून कधी प्रश्न जात नाही. रस्त्यावर जातो, विजेवर जातो, पीकविम्यावर जातो. येत्या अधिवेशनाआधी आपल्या खासदारांना पत्र लिहा आणि लोकसभेत विचारायला लावा: गेल्या पाच वर्षांत चांदीपुरा विषाणूच्या लशीवर वर्षागणिक किती रुपये खर्च झाले? वर्षागणिक, हा शब्द सोडू नका. एकूण आकडा सांगून सुटका होते. आमदारांमार्फत विधानसभेत विचारा: करोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या तपासणी प्रयोगशाळांपैकी आज किती चालू आहेत, तिथल्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? आणि जिल्हा परिषदेला विचारा, की पावसाळ्यात ताप-झटक्यांचं मूल आलं तर त्याच्या रक्ताचा नमुना ग्रामीण रुग्णालयातून घाटीला आणि घाटीतून पुण्याला जायला किती तास लागतात, त्यासाठी गाडी आणि बर्फाची पेटी कुणाच्या ताब्यात आहे, आणि पहिला निरोप देणाऱ्या आशाताईला त्या कामाचे किती पैसे मिळतात? उत्तरं लेखी मागा. आली की ती याच व्यासपीठावरून पुढच्या वर्षी वाचून दाखवा.